तीनचाकी बाबागाडी निवडायला शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

समोर भेटलं की तुम्ही आभार मानूच देत नाही. "अगं, त्यात काय एवढं," म्हणता आणि लगेच माझ्या लेकीच्या, चिऊच्या, दातांची चौकशी सुरू करता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं उघड. इथे इंग्लंडात शेफील्डला, लीड्सला नव्यानं आलेल्या कितीतरी मराठी घरांत बाळं येतात. माहेर-सासर दोन्ही साता समुद्रापलीकडे असतं, विचारायला घरात मोठं माणूस नसतं, आणि दुकानात ओळीनं मांडलेल्या बाबागाड्या बघून जीव गोंधळतो. तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यांच्यापर्यंतही पोचावं, असं फार वाटतं.

मी फोन केला तेव्हा माझ्याकडे मॉडेलांची नावं, किमती, फोटो, सगळं तयार होतं. तुम्ही त्यातलं एकही नाव विचारलं नाहीत. "तू रोज चालणार कुठे?" हा तुमचा पहिला प्रश्न. मग, "ढकलणार कोण कोण?" आणि मग, "रात्री ती ठेवणार कुठे?" या तीन प्रश्नांची उत्तरं देता देताच निम्म्या गाड्या यादीतून आपोआप गळाल्या.

शेफील्ड सात टेकड्यांवर वसलंय असं इथले लोक अभिमानानं सांगतात. अभिमान ठीक आहे, पण बाळ घेऊन चढायचं आपल्याला! आमची गल्ली म्हणजे नुसता चढ, आणि मागची बोळ जुन्या दगडी फरसबंदीची. आमचं रोजचं फिरणं एंडक्लिफ पार्कपासून पोर्टर नदीच्या काठानं, शेफर्ड व्हीलच्या जुन्या पाणचक्कीवरून फोर्ज डॅमपर्यंत. झाडांची मुळं, ओली पानं, पावसाळी चिखल, आणि इथे पावसाळा कधी संपतच नाही. हे ऐकून तुम्ही म्हणालात, "तुला तीनचाकी. हवेची चाकं, मोठी." कारणही लगेच सांगितलंत. चार लहान कडक चाकं प्रत्येक दगडाला अडतात आणि तो धक्का थेट बाळाच्या पाठीत जातो. मोठं चाक खाचेत न अडकता वरून निघून जातं, टायरमधली हवा हादरा खाते. पुढे एकच चाक असल्यामुळे खडबडीत वाटेवर त्याला एकच जागा शोधावी लागते. आणि एका हातात छत्री असली तरी दुसऱ्या हातानं गाडी वळते.

पण त्याच दमात दुसरी बाजूही सांगितलीत, आणि याचं मला जास्त मोल वाटतं. अशी गाडी दहा-बारा किलोच्या घरात जाते, मागून रुंद असते, मिटली तरी जागा खाते. ज्यांचं सगळं चालणं ट्रॅमनं, मॉलमधून आणि गुळगुळीत फुटपाथवरून, त्यांनी तीनचाकीच्या नादी लागू नये. इथल्या ट्रामचं तळ फलाटाला समतल असतं, त्यात साधी हलकी गाडीसुद्धा सुखानं चढते. फोटोत डोंगर दिसतो म्हणून तीनचाकी घेऊन मग ती तिसऱ्या मजल्यावर उचलत बसणाऱ्या मंडळींची तुम्हाला खरंच काळजी वाटते, ते तुमच्या आवाजात कळत होतं.

गाड्यांचा इतिहासही मला तुमच्याकडूनच कळला. ओवेन मॅक्लॅरन हा विमानांचा इंजिनिअर, स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलेला. त्यानं 1965 साली अॅल्युमिनियमची, छत्रीसारखी मिटणारी हलकी बाबागाडी काढली, ती प्रवासात उचलून नेता यावी म्हणून. आणि तीनचाकी आली ती धावणाऱ्या बापाकडून. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावी फिल बेकलर नावाच्या पत्रकारानं 1984 मध्ये बाबागाडीला सायकलची चाकं लावली, कारण त्याला लेकराला घेऊन पळायचं होतं. प्रत्येक गाडी कुठल्या तरी चालण्यासाठी जन्माला आलीय. मग आपलं चालणं कुठलं ते आधी ठरवावं, गाडी नंतर. हे तुमचं सांगणं मला इतकं पटलं की आता मीही सगळ्यांना तेच सांगत असते.

दोरीची गोष्ट तर मी कुणालाही कौतुकानं सांगते. आमचं घर शंभर वर्षांपूर्वीचं, ओळीतलं, दार अरुंद आणि आत शिरल्या शिरल्या पॅसेजमध्ये रेडिएटर. तुम्ही सुतळीचा तुकडा घेतलात, दाराच्या चौकटीत आडवा धरलात आणि तिथे गाठ मारलीत. मग रेडिएटर आणि भिंत यांच्यातलं अंतर, दुसरी गाठ. मग बाहेर येऊन आमच्या गाडीच्या डिकीची रुंदी, तिसरी गाठ. "ही पर्समध्ये ठेव. दुकानदाराला आकडे विचारत बसू नकोस, दोरी लाव." मागच्या दोन चाकांच्या बाहेरच्या कडांमध्ये दोरी धरली की एका क्षणात निकाल. मला मनापासून आवडलेली एक गाडी दुसऱ्या गाठीशीच अडली. वाईट वाटलं, पण घरी आणल्यावर अडली असती तर केवढी पंचाईत झाली असती!

नवी घ्यायची नाही, हेही तुम्हीच सुचवलंत. एनसीटी या पालकांसाठीच्या संस्थेच्या, वापरलेल्या बाळवस्तूंच्या निअरली न्यू सेलला आपण सकाळी दार उघडायच्या आधीच पोचलो. तुमच्या हातात कापडी पिशवी, आणि त्या पिशवीत दहा किलोची आट्याची गोणी! लोक बघत होते. तुम्ही शांतपणे ती गोणी एका तीनचाकीच्या सीटवर बसवलीत, पाचही पट्टे लावलेत, बक्कल खटकन बंद केलंत आणि मला म्हणालात, "घे, आता हे तुझं बाळ." रिकामी गाडी कुठलीही छान चालते, हे तेव्हा हाताला कळलं. वजन पडल्यावर एका गाडीचं पुढचं चाक थरथरायला लागलं. दुसरीचा ब्रेक हॉलबाहेरच्या उतारावर लागला खरा, पण गाडी बोटभर सरकली. तुम्ही मान हलवलीत आणि ती तिथेच ठेवलीत.

तिसरी ती आपली. राखाडी, जराशी फिकट झालेली, कापडावर डाग. तुम्ही डागाकडे ढुंकून पाहिलं नाहीत. सांगाड्याच्या प्रत्येक सांध्यावरून अंगठा फिरवलात, मिटताना बोट चिमटेल अशी जागा आहे का ते पाहिलंत, पुढचं चाक काढून परत बसवून जोरात ओढून पाहिलंत. "निघणारं चाक नीट बसलंय का, हे दर वेळी ओढून बघायचं. विसरायचं नाही." खालच्या लेबलावर ईएन 1888 हा सुरक्षेच्या मानकाचा आकडा शोधायला लावलात. बनवणाऱ्यांनी हे मॉडेल कधी परत मागवलं होतं का, ते फोनवर तिथल्या तिथे तपासायला लावलंत. पट्ट्यांची शिवण उसवली असेल तर गाडी कितीही स्वस्त असो, घ्यायची नाही, हा तुमचा नियम आता आमच्या घराचा झालाय.

पुढच्या चाकाचं कुलूप तुम्ही समजावलंत तसं कुणीच समजावलं नसतं. सपाट रस्त्यावर, दुकानात चाक मोकळं ठेवायचं, म्हणजे गाडी जागच्या जागी वळते. खडबडीत वाटेवर किंवा वेगात ते सरळ अडकवायचं, नाहीतर एखाद्या खड्यानं चाक आडवं होतं. फुटपाथवरून तिरकं उतरायचं नाही, कारण पुढे एकच चाक असल्यामुळे गाडी त्या बाजूला कलंडू शकते. दांडा दाबून पुढचं चाक उचलायचं, नाहीतर वळून मागची दोन्ही चाकं एकदम खाली घ्यायची. दांड्याला पिशव्या अडकवायच्या नाहीत. बाळ उचललं की सगळा भार मागे जातो आणि गाडी उताणी पडते. भाजी खालच्या बास्केटमध्ये. आणि उतारावर मनगटाचा पट्टा हातात घातल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. आमच्या गल्लीत हा शेवटचा नियम सगळ्यात मोठा.

चिऊच्या बाबांना पळायची हौस. तुम्ही त्यांना प्रेमानं पण ठाम सांगितलंत की बाळ मान आणि पाठ नीट सावरेपर्यंत, म्हणजे सहा महिन्यांच्या आधी तर नाहीच, आणि त्यानंतरही हेल्थ व्हिजिटरला, म्हणजे बाळांची तब्येत बघणाऱ्या नर्सला, विचारून. तोवर सीट पूर्ण आडवी करून नुसतं चालायचं. त्यांनी अक्षरशः पाळलं. उन्हाच्या दिवसांत गाडीवर दुपटं पांघरायचं नाही, आत हवा कोंडून गरम होतं, हेही तुमच्यामुळेच कळलं. आपल्याकडे पदराआड, दुपट्याआड बाळ झाकायची सवय हाडीमाशी मुरलेली असते. कुणीतरी आपल्या भाषेत, न दुखावता सांगायला हवंच असतं.

बसबद्दल मात्र तुम्ही जे बोललात ते मी कधीच विसरणार नाही. 2012 साली याच यॉर्कशरमध्ये, वेदरबीहून लीड्सला जाणाऱ्या बसमध्ये व्हीलचेअरच्या जागेत एक बाबागाडी उभी होती, बाळ झोपलेलं होतं. आईनं गाडी मिटता येत नाही म्हणून जागा सोडली नाही, आणि व्हीलचेअरवरच्या डग पॉली यांना बस सोडावी लागली. ते कोर्टात गेले. 2017 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं म्हटलं की ड्रायव्हरनं नुसती विनंती करून गप्प बसणं पुरेसं नाही. तुम्ही हे सांगून म्हणालात, "आपल्याला ती जागा मिळते ती रिकामी असेल तोवरच. म्हणून एका हातानं बाळ घेऊन दुसऱ्या हातानं गाडी मिटता आली पाहिजे. घरी सराव कर." मी केला, आट्याच्या गोणीला कडेवर घेऊन. पुढे एकदा बसमध्ये खरोखरच वेळ आली. व्हीलचेअरवरचे आजोबा दारात होते, आणि ते चढेपर्यंत गाडी मिटून माझ्या पायाशी उभी होती. ते हसून "थँक यू, लव्ह" म्हणाले. ते थँक यू तुमच्या हक्काचं होतं, म्हणून इथे पोचवतेय.

माझी आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली, तेव्हा तुमच्या "ढकलणार कोण कोण?" या प्रश्नाचा खरा अर्थ कळला. आई माझ्या खांद्याएवढी. दांडा खालीवर होणारा घ्या, असं तुम्ही बजावलं होतंत. त्यामुळे आईच्या कमरेशी दांडा आला आणि ती बिनधास्त नातीला घेऊन एकटी बाहेर पडायला लागली. इंग्रजी फारसं येत नसताना, परक्या गावात! पार्कमधल्या बाकावर तिच्या ओळखी झाल्या. मॉन्सल ट्रेलवर तर तिनं गाडी कुणाच्या हातीच दिली नाही. तो जुना रेल्वेमार्ग, सपाट, आणि 2011 मध्ये उघडलेले ते बोगदे. बोगद्यात शिरताना आई चिऊला मोठ्यानं "आला आला घाट आला" म्हणायची आणि आतून आवाज घुमून परत यायचा.

हिवाळ्यात काटा शिरून मागचं चाक बसलं, तेव्हा तुम्ही पायपंप आणि पंक्चरचं सामान घेऊन आलात. टबात पाणी भरून ट्यूब बुडवली, बुडबुडे कुठून येतात ते दाखवलंत, पॉलिश पेपरनं घासून ठिगळ लावायला लावलंत. टायरच्या कडेवर हवेचा आकडा लिहिलेला असतो तेवढीच भरायची, आणि व्हॉल्व्ह मोटारीसारखाच असल्यानं पेट्रोल पंपावरही जरा जपून भरता येते. हे सगळं तुम्ही स्वयंपाकघरात उभ्यानं, चहा गार होऊ देत शिकवलंत.

ताई, तुमची स्वतःची मुलं मोठी होऊन कॉलेजला गेली. तुम्हाला याची काही गरज नव्हती. तुमचा शनिवार, तुमचं पेट्रोल, तुमची आट्याची गोणी. माझ्या आईला तुम्ही फोनवर "काळजी करू नका, मी आहे इथे" म्हणालात, तेव्हा ती रडली होती. तिनं तुम्हाला ते सांगितलं नाही, म्हणून मी सांगते.

चिऊ आता गाडीत बसायला तयार नसते, स्वतःच ढकलायला बघते. गाडी पुढे द्यायची वेळ आलीय. कापड धुऊन वाळवलंय, पट्टे तपासलेत, मागच्या चाकात नवी ट्यूब घातलीय. रॉदरहॅमच्या त्या जोडप्याला बाळ होणार आहे, त्यांना विचारलंय. पण त्यांच्या दाराची रुंदी मला माहीत नाही, आणि त्यांचं चालणं कुठलं तेही नाही. येत्या शनिवारी याल का आमच्यासोबत? सुतळी माझ्याकडे आहे, गोणी मी आणते. तुमचा पायपंपही तेव्हाच परत करीन.

तुमची,
चिऊची आई