बाबांच्या दुपारच्या गोळीविषयी

कलिना, मुंबई
दि. ४ ऑगस्ट

तीर्थरूप आई-बाबा यांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले की पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, सकाळच्या गोळीने हात बरा राहतो, पण दुपारची गोळी लागू पडत नाही. आणि ती गोळी आपण आठवणीने जेवणाच्या ताटाशेजारी ठेवतो, असे आईने सांगितले. तेव्हापासून हे पत्र मनात घोळत आहे, कारण मी इथे जे शिकते त्याचा त्या ताटाशी थेट संबंध आहे.

बाबा, मेंदूचा अभ्यास म्हणजे नेमके काय, असे तुम्ही विचारले होते. गेल्या महिन्यात आम्हाला एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात नेले होते. तिथे मध्यमेंदूच्या दोन चकत्या काचेच्या बरण्यांत शेजारीशेजारी ठेवल्या होत्या. पहिलीत दोन्ही बाजूंना काजळाचे बोट ओढल्यासारखे काळे पट्टे होते. दुसरी चकती पार्किन्सन झालेल्या माणसाची होती आणि तिच्यात ते पट्टे जवळजवळ पुसले गेले होते. त्या भागाला सब्स्टान्शिया नायग्रा, म्हणजे काळा पदार्थ, असेच नाव आहे. तिथल्या पेशी डोपामिन तयार करतात आणि हालचाल सुरू व्हायला व सहज चालू राहायला ते लागते. हाताला कंप सुटेपर्यंत यांतल्या बऱ्याच पेशी गेलेल्या असतात. इतर मुले वहीत आकृती काढत होती. माझ्या डोळ्यांसमोर मात्र सदऱ्याच्या बटणाशी अडखळणारी तुमची बोटे होती. आई, बाबा उंबऱ्याशी थबकले तर कृपा करून घाई करू नकोस. तो आळस नाही आणि नुसते वयही नाही.

आता गोळीविषयी. डोपामिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, म्हणून लेव्होडोपा देतात. ती आत शिरते आणि तिथे तिचे डोपामिन होते. परंतु आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत ती ज्या वाटेने जाते, त्याच वाटेने मासळी, डाळ आणि दुधातल्या प्रथिनांपासून सुटलेली अमिनो आम्लेही जातात. बांगड्याच्या कालवणाबरोबर गोळी घेतली की दादरला लोकलच्या दारात होते तशी गर्दी होते आणि गोळी फलाटावरच राहते. मासळी सोडू नका. जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी घेतलेली चालेल का, एवढे डॉक्टरांना उद्याच विचारा.

शेजारच्या काकांनी सुचवलेल्या खाजकुयलीच्या चूर्णाबद्दलही लिहिते. तिच्या बियांत लेव्होडोपा खरोखरच असते, त्यामुळे काका चुकीचे बोलत नाहीत. पण चूर्णाच्या चमच्यात ती किती आली हे कळत नाही, आणि मेंदूत पोहोचण्यापूर्वी तिचे विघटन होऊ नये म्हणून तुमच्या गोळीत असलेले कार्बिडोपा त्यात नसते. गोळी मनाने बंद करू नका; ती एकाएकी थांबवणे धोक्याचे आहे.

वनस्पतींना मी कमी लेखत नाही, उलट या इतिहासानेच मला या विषयात ओढून घेतले. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग जगापुढे मांडला. पुढे तिच्यातून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळे काढले गेले. स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी ते सशांना दिले तेव्हा ससे निश्चल झाले आणि लेव्होडोपा देताच पुन्हा हालू लागले. १९५७ चा हा प्रयोग. त्यांना नोबेल मिळाले ते २००० साली. तुमची गोळी याच वाटेने आली आहे.

रत्नागिरीला बी.एस्सी. केले तेही याच मुंबई विद्यापीठातून, पण १८५७ पासूनच्या या विद्यापीठाचा पसारा इथे आल्यावर कळला. एवढ्या गर्दीत पहिले सहा महिने मी कोणाशी बोलले नव्हते. आता पीएच.डी. करण्याचे ठरवते आहे, आणि त्याला तुमची संमती हवी आहे. त्याबद्दल समक्ष बोलू.

गणपतीला कोकणकन्येचे तिकीट मिळाले आहे. तोवर आई, गोळी कधी घेतली, जेवण कधी झाले आणि हात कधी शांत राहिला, हे रोज दिनदर्शिकेच्या चौकटीत लिहून ठेव. मी आले की ती पाने घेऊन आपण तिघे डॉक्टरांकडे जाऊ.

तुमची,
मनू