शाळेच्या पटावर कोण आहे, तेही सांगा

मा. संपादक,

सरकारी शाळा चालवायला संस्थांकडे द्याव्यात, असे म्हणणारी पत्रे आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. त्यांत अमेरिकेतल्या 'चार्टर' शाळांचा दाखला हमखास असतो. माझी मुलगी मिनेसोटा राज्यात सेंट पॉलला राहते आणि नातू तिथल्या एका चार्टर प्राथमिक शाळेत दुसरीला आहे. मी जिल्हा परिषदेतून केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो. शाळा दिसली की आधी पट विचारायची खोड अजून गेलेली नाही.

अशा शाळांचा अमेरिकेतला पहिला कायदा मिनेसोटानेच १९९१ मध्ये केला आणि पहिली शाळा १९९२ मध्ये सेंट पॉललाच सुरू झाली. पैसा सरकारचा, कारभार स्वतंत्र मंडळाचा. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही; अर्ज जास्त आले तर सोडत, त्यात भावंडांना प्राधान्य. करार मुदतीचा असतो, काम जमले नाही तर शाळेला टाळे लागू शकते. इमारत विकत घ्यायला सरकारी पैसा वापरता येत नाही, म्हणून पुष्कळ शाळा भाड्याच्या जागेत. नातवाच्या शाळेचे मैदान म्हणजे गाड्या लावायची जागा! आमच्या तालुक्यातल्या द्विशिक्षकी शाळांना याहून ऐसपैस अंगण आहे.

दाखला देणारे नेमके सांगत नाहीत ते पुढेच आहे. राज्याच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक शाळेतील मुलांची माहिती कोणालाही पाहता येते: कोणत्या वंशाची किती, इंग्रजी अजून शिकत असलेली किती, विशेष शिक्षण घेणारी किती, बेघर किती. नातवाच्या वर्गात सोमाली आणि ह्मोंग मुले बरीच आहेत. ह्मोंग म्हणजे व्हिएतनाम युद्धानंतर लाओसमधून आलेली माणसे. पालकसभेला दुभाषे लागतात. अशा शाळेचा वाचनाचा निकाल उपनगरातल्या सुखवस्तू शाळेशी ताडून पाहायचा, तर हा पट शेजारी हवाच.

गरिबी मोजायला तिथे 'मोफत किंवा सवलतीचे जेवण घेणारी मुले' हा रकाना आहे. २०२३-२४ पासून मिनेसोटाने सगळ्याच मुलांना नाश्ता-जेवण फुकट केले. मग पालक सवलतीचा अर्ज कशाला भरतील, आणि त्या रकान्यातून गरिबी कळणार कशी? पोषण आहार सरसकट वाटलेल्या माझ्यासारख्याला ही पंचाईत सांगावी लागली नाही.

सगळेच गोड नाही. एकेका समाजाची मुले एकेका शाळेत गोळा होतात. मिनियापोलिस-सेंट पॉलमधल्या या विभागणीवरून पालकांनी २०१५ मध्ये राज्यावर दावा लावला. त्यात चार्टर शाळांचाही प्रश्न आहे. उलट, मूल आपल्या माणसांत राहते याचा एखाद्या सोमाली आईला आधार वाटतो. मला दोन्ही म्हणणी पटतात.

आपल्याकडे यू-डायस या शाळांच्या देशव्यापी सरकारी माहितीसाठ्यासाठी शिक्षक दरवर्षी अशीच माहिती भरतात. ती पोर्टलवर जाते, शाळेच्या भिंतीवर येत नाही. २०२३ च्या दत्तक शाळा योजनेत देणगीदाराचे नाव शाळेला देण्याची सोय मात्र झाली. नाव लावा, हरकत नाही. पण शाळा कोणाच्या हाती द्यायचीच असेल, तर फीबंदी, सोडत, मुदत आणि पटाची जाहीर माहिती करारात लिहून घ्या. आणि दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली मुले किती, त्यातली परत वर्गात आलेली किती, असे दोन रकाने त्या माहितीत घाला.

– एक निवृत्त केंद्रप्रमुख, बीड