मोटर भरणाऱ्या काकांना, आमच्या आरसी गाडीबद्दल मनापासून थँक्यू

काका, नमस्कार.

समोर येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता, चहा सांगता आणि विषय बदलता, म्हणून शेवटी लिहूनच काढतेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय कारण सातारा-सांगलीकडं आरसी, म्हणजे रिमोटवरच्या, गाड्या मातीत पळवणारी पोरं आता बरीच झालीत, तुम्ही आम्हाला जे दाखवलंत ते त्यांच्याही कामाला येईल. माझा भाचा, ज्याची ही गाडी, हे तुम्हाला दुकानात वाचून दाखवणार आहे, तेव्हा तेवढा वेळ जरा बसा.

गाडी आमच्याकडं सेकंडहँड आली होती. वन-टेन स्केलचा (खऱ्याच्या एक दशांश मापाचा) ट्रक, फोर व्हील ड्राइव्ह, कार्बन ब्रशवाली मोटर, टू एस लिपो (दोन सेलची लिथियम) बॅटरी. दिसायला एकदम चकाचक, पण पळायला जड, आणि थोडं चालवलं की मोटरला बोट लावता येणार नाही एवढी तापायची. आधीच्या मालकाकडं ती दर वेळी नळाखाली धरून धुतली जायची हे नंतर कळलं. जिथं विचारू तिथं एकच उत्तर, मोटर गेली, नवीन टाका. पण नवीन मोटर पण तशीच तापली तर काय, याचं उत्तर कुणाकडं नव्हतं, आणि आठवीतल्या पोराचे साठवलेले पैसे असे घालवायचे माझ्या मनाला पटेना. मग त्याच्या आईनंच सांगितलं, आपल्या विहिरीची मोटर गोडोलीचे जे काका भरून देतात ना, त्यांच्याकडं घेऊन जा, मोटर छोटी काय नि मोठी काय.

तुम्ही मोटरला आधी हातच लावला नाहीत हे मला अजून आठवतं. बॅटरी बाहेर काढायला लावलीत, मोटर सैल करून पिनियन (मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर) मोठ्या गिअरपासून लांब केलंत, चारी चाकं उतरवलीत आणि एकेक एक्सल दोन बोटांनी फिरवत कानाशी नेलात. शेजारी ग्राइंडर चालू होता तो पण बंद करायला सांगितलात. मग म्हणालात, "मोटर चांगली हाय पोरी. तिला वढायलाच लई लागतंय."

मागच्या दोन्ही चाकांची बेअरिंगं आतून गंजलेली निघाली. वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तुम्ही सुईच्या टोकानं त्याचं रबरी सील आतल्या कडेनं अलगद उचकटलंत आणि आत ग्रीसच्या जागी तपकिरी चिखल, त्यात गोळ्या रुतून बसलेल्या, बोटानं फिरवलं की अडत अडत फिरायचं. तुम्ही ते भाच्याच्या बोटात अडकवून फिरवायला लावलंत आणि दुसऱ्या हातात एक चांगलं दिलंत. त्या पोराला त्या क्षणी जे कळलं ते मी शंभर व्हिडिओ दाखवूनही कळलं नसतं. तेव्हापासून गाडी पळवून आणली की तो आधी चाकं फिरवून बघतो, ब्रश नंतर हातात घेतो.

आणि तुमचं ते वाक्य, "पाण्यानं माती निघत न्हाय, आत जाती." ते मी घरात सगळ्यांना ऐकवते. आपल्याकडं धुणं म्हणजे पाणी हे इतकं डोक्यात बसलेलं असतं की वॉटरप्रूफ लिहिलेली गाडी दिसली की माणूस सरळ पाइप लावतो. पण वॉटरप्रूफ असते ती आतली इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे रिसीव्हर, मोटरचा वेग सांभाळणारा ईएससी, चाकं वळवणारा सर्वो. बेअरिंग लोखंडाचंच असतं, ते गंजणारच. आणि जोराच्या पाण्यानं, गाड्या धुवायच्या प्रेशर पंपानं तर सीलच्या फटीतून बारीक माती थेट आत ढकलली जाते. हे सांगायला आमच्या घरी कुणी नव्हतं.

मातीचं तुम्ही जे सांगितलंत ते तर कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही, कारण ती मॅन्युअलं काही आपल्या मातीसाठी लिहिलेली नाहीत. काळ्या रानातली माती ओली असताना पुसायला गेलं की नुसती पसरते आणि प्रत्येक फटीत भरते, पण सावलीत वाळू दिली की ती आक्रसते, भेगा पडतात आणि ब्रशच्या दांड्यानं टिचकी मारली की खपल्या निघून पडतात. मग पेंटिंगचा एक इंची ब्रश, त्याच्यानंतर जुना टूथब्रश, एवढ्यात नव्वद टक्के गाडी साफ. उरलेलं ओल्या फडक्यानं. यवतेश्वराच्या बाजूची तांबडी धूळ वेगळी, ती पिठासारखी बारीक, ती वाळायची वाट बघायची नाही, लगेच कोरड्या ब्रशनं आणि ब्लोअरनं काढायची. त्या धुळीत पळवणार असाल तर सस्पेन्शनच्या पिनांना, ड्राइव्हशाफ्टच्या टोकांना तेल लावून जायचं नाही, तेलाला धूळ बसली की तिचं ग्राइंडिंग पेस्ट होतं. सांगलीच्या माझ्या मैत्रिणीला मी हे सगळं फोनवर सांगितलं, तिच्याकडं कृष्णाकाठची काळी माती, तिनं करून बघितलं आणि तिचाही जीव भांड्यात पडला.

ब्लोअरची एक गोष्ट मात्र मुद्दाम लिहिते कारण ती मी सगळ्यांना चुकीची करताना बघते. हवा मारताना चाक हातानं धरून ठेवायचं. हवेच्या जोरानं बेअरिंग सुसाट फिरायला लागतं, आवाज मस्त येतो, पोरं खूश होतात, पण आत ग्रीस धुतलं गेलेलं असेल आणि माती असेल तर त्या काही सेकंदात गोळ्यांची आणि खोबणीची वाट लागते. तुम्ही भाच्याचा हात धरूनच चाकावर ठेवला होतात.

मला सगळ्यात आवडलं ते लोहचुंबकाचं. माहुलीला संगमाच्या कडेच्या वाळूत गाडी पळवून आम्ही थेट तुमच्याकडं आलो होतो. तुम्ही ट्रेमध्ये झाडलेली वाळू पसरलीत, स्पीकरचा जुना चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यावरून फिरवलात आणि काळे काळे कण उभे राहिले. आपला सगळा काळा दगड बेसॉल्ट, त्यात मॅग्नेटाइट (चुंबकाला चिकटणारं लोखंडाचं खनिज) असतं, तेच झिजून नदीच्या वाळूत येतं. आता मोटरच्या आत दोन चुंबक बसलेले आणि डब्याला हवेसाठी भोकं, म्हणजे हे कण तिथं जाऊन बसणारच, आणि आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) त्यांच्यावर घासणार. नुसती हवा मारून ते सुटत नाहीत, चुंबक सोडतच नाही. सेलोटेप काडीवर उलटा गुंडाळून एकेक टिपून काढावा लागतो. वाळूत खेळायचं असेल तर भोकांवर बारीक जाळी लावायची, आणि पुढच्या वेळी मोटर उघडून बघायची. तुम्ही आयुष्यभर पाण्याच्या मोटरी उघडल्यात म्हणून तुम्हाला हे सुचलं, आम्हाला वाळू म्हणजे वाळूच वाटायची.

मोटर उघडल्यावर कम्युटेटरवरची (कार्बन ब्रश टेकतात त्या तांब्याच्या भागावरची) काळी पट्टी, कार्बनची धूळ, झिजलेले कार्बन ब्रश, हे तुम्ही मिक्सरची मोटर शेजारी ठेवून दाखवलंत. कम्युटेटर स्वच्छ करून, दोन्ही टोकांच्या बुशांना (ज्यात दांडा फिरतो त्या कड्यांना) शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. एकच, तुम्ही दोनदा बजावलंत, जास्त झालं तर ते कार्बनवर जातं. ती मोटर अजून तीच आहे काका. नवीन घ्यावी लागली नाही.

बेअरिंगांच्या मापाचा कागद तुम्ही स्वतः व्हर्निअरनं मोजून लिहून दिलात, ५ बाय ११ बाय ४ आणि १० बाय १५ बाय ४, आणि रबर सीलची मागवा, पत्र्याच्या झाकणाची नको, धुळीत ती टिकत नाहीत. जी चांगली होती ती सील काढून आयपीएमध्ये धुतली (आयसोप्रोपिल अल्कोहोल, हे मोबाईल रिपेअरवाल्यांकडं मिळतं, पेट्रोल-थिनरच्या नादाला लागू नये, प्लॅस्टिक आणि रबर खराब होतं), पूर्ण वाळवली आणि मग ग्रीस. इथं मी विचारलं होतं की इंटरनेटवर तर सगळे पातळ तेल घाला म्हणतात. तुम्ही म्हणालात, जोरात फिरतं तिथं तेल, चिखलात फिरतं तिथं ग्रीस, कारण ग्रीसनं जागा भरलेली असली की पाण्याला आत शिरायला वाव राहत नाही. रेसच्या गुळगुळीत ट्रॅकवाल्यांचं गणित वेगळं, आपलं वेगळं. डब्ल्यूडी-४० चं पण तसंच. ते १९५३ साली बनवलं गेलं तेच मुळी पाणी हटवायला, तेव्हा ओल्या गाडीच्या स्क्रूंवर, पिनांवर पाणी हटवायला ते उत्तम, पण त्याच्या भरवशावर बेअरिंग ठेवायचं नाही, उलट आतलं ग्रीस त्यानं पातळ होऊन निघून जातं.

स्क्रूचं तर मी ऑफिसमध्ये पण सांगितलं. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवायचा, जुन्या आट्यात पडला की हाताला टक असं जाणवतं, मग सुलटा. नाहीतर दर वेळी नवीन आटे पडतात आणि चार वेळा उघडलं की भोक सैल. आणि निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावतात तो गोंद) फक्त धातू ते धातू, प्लॅस्टिकला लावलं तर ते तडकू शकतं. पिनियन परत लावताना दोन गिअरांच्या मधे वहीच्या कागदाची पट्टी घालून दाबून मोटर घट्ट करायची आणि पट्टी फिरवून बाहेर काढायची, कागदावर नागमोडी वळ्या पडल्या पण फाटला नाही तर बरोबर. एवढ्या साध्या कागदानं होतं हे.

बाकी शॉकच्या दांड्या पुसणं, टायरमधला स्पंज पाणी धरून बसतो म्हणून चाक झटकून भोकातून पाणी काढणं, रिसीव्हरच्या डब्याचं झाकण उघडून आत दमट नाही ना बघणं, हे सगळं आता सवयीनं होतं. त्या डब्यावरून आठवलं. भाच्यानं तुम्हाला सांगितलं होतं ना, जपानच्या तामियाची पहिली आरसी गाडी १९७६ ची, आणि १९७९ च्या त्यांच्या सँड स्कॉर्चर बग्गीत रेडिओसाठी असाच बंद डबा होता, तेव्हा तुम्ही काम थांबवून म्हणालात, "तवा मी आयटीआयला व्हतो." मग तासभर तुम्ही त्याला आयटीआयच्या गोष्टी सांगत बसलात, गिऱ्हाईक बाहेर उभं. तो घरी येऊन म्हणाला, मावशी, मला पण आयटीआयला जायचंय. त्याच्या आईच्या कपाळावर जरा आठ्या आल्या, पण मला मनापासून बरं वाटलं.

बॅटरीचं विचारलं तेव्हा तुम्ही सरळ म्हणालात, लिथियम हे माझं खातं न्हाय, जाणकाराला विचार. मला त्याचा फार आदर वाटला काका. विचारून घेतलं. चालवून आलो की बॅटरी आधी बाहेर, फुगली आहे का बघायचं, आणि काही दिवस वापरायची नसेल तर चार्जरवर स्टोरेज मोडला लावून सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवायची, फुल भरून ठेवायची नाही. आता तसंच करतो.

एक तुमच्या सांगण्यावरून पक्कं केलंय, कास पठारावर गाडी न्यायची नाही. २०१२ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे आणि तिथली फुलझाडं बोटभर मातीवर जगतात, तिथं चाकं नकोत. पोराला मोकळ्या माळाला आपल्याकडं काही तोटा नाही.

पैशाचं काय बोलू. बेअरिंगांचे पैसे सोडले तर तुम्ही एक रुपया घेतला नाहीत. वर तुमचा जुना ब्लोअर आम्हाला देऊन टाकलात. तुमच्याकडं रानातल्या मोटरींची रांग लागलेली असते, पाणी थांबलेलं शेतकरी बसलेले असतात, त्यांची कामं उरकून तुम्ही एका पोराच्या खेळण्यासाठी चष्मा पुसून पुन्हा बसायचात, आणि त्याला कधी खेळणं म्हणाला नाहीत, गाडीच म्हणालात. त्यानं त्याला किती मोठं केलं हे तुम्हाला कल्पना नाही. त्याच्या शाळेतली दोन पोरं आता त्याच्याकडं गाड्या घेऊन येतात आणि तो त्यांना आधी चाक फिरवून आवाज ऐकायला लावतो, अगदी तुमच्यासारखी मान वाकडी करून.

खूप खूप आभार, काका. माझ्याकडून, ताईकडून, आणि त्याच्याकडून तर आहेतच. येत्या शनिवारी दुकान उघडं असेल तर आम्ही येतोय, मागच्या डिफरन्शिअलमधून (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरच्या डब्यातून) खरखर येतेय आणि ते उघडायची त्याची एकट्याची हिंमत होत नाही. सिलिकॉन तेल आणि नवीन गॅस्केट आणून ठेवलंय. या वेळी मजुरी घ्यावीच लागेल, काकूंना आधीच फोन करून सांगितलंय.

तुमची,
सेकंडहँड ट्रकवाल्या पोराची मावशी