लंडनला जाताय तर एक वीकेंड बेडफर्डला काढा

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी तुमच्या रविवारच्या पुरवणीत लंडनचं चार दिवसांचं प्लॅनिंग आलं होतं, छानच होतं पण तेच ते हो, राजवाडा, पूल, मेणाचे पुतळे. आम्ही दोघं लेकीकडे गेलो होतो तेव्हा जावईबापूंनी शनिवारी गाडी काढली आणि बेडफर्ड आणि ब्लेचली पार्क (दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे गुप्त संदेश फोडायचं ब्रिटिशांचं केंद्र) असं दोन दिवसांत फिरवून आणलं, ते लिहावंसं वाटलं.

बेडफर्डशायरचा खास पदार्थ म्हणजे क्लँगर. लांबट पेस्ट्री, एका टोकाला मटण किंवा पोर्क, दुसऱ्या टोकाला जॅम किंवा सफरचंद आणि मधे पिठाचीच भिंत. शेतावर जाणाऱ्याला जेवण आणि गोड एकातच, म्हणजे आपली शिदोरीच की! पूर्वी फडक्यात बांधून उकडायचे, आता भाजतात. मी उत्साहात उलट्या बाजूने सुरुवात केली, जॅम संपवून मटणावर पोचलो, ही अजून हसते. (पिठात जनावराची चरबी घालतात, बहुतेक बीफची, तेव्हा न खाणाऱ्यांनी आधी विचारून घ्या.)

रविवारी ब्लेचली. जर्मन सैन्य आपले संदेश सांकेतिक करायला वापरायचं ते एनिग्मा यंत्र काचेआड बघितलं, टाइपरायटरसारखंच, बटण दाबलं की दुसऱ्याच अक्षराचा दिवा लागतो. गंमत म्हणजे कुठलंही अक्षर स्वतःच स्वतःत बदलत नाही, ए दाबलं तर ए कधीच उमटणार नाही, आणि तिथेच जर्मन फसले. मेसेजमधे 'हवामान' असा शब्द असणार असा अंदाज करायचा, तो सांकेतिक मजकुराखाली सरकवत न्यायचा, जिथे एक जरी अक्षर जुळलं ती जागा बाद. मग यंत्राची त्या दिवसाची जुळणी शोधायचं काम बॉम्ब नावाच्या मशीनचं. ते पुन्हा बनवलेलं मशीन शेजारच्या कॉम्प्युटर म्युझियममधे आहे, त्याचं तिकीट वेगळं, आम्हाला हे ऐनवेळी कळलं. ब्लेचलीतल्या ॲलन ट्युरिंग या गणितज्ञाचं नाव सगळ्यांना माहीत असतं पण एनिग्मा पहिल्यांदा फोडला तो पोलंडचा गणितज्ञ रेयेव्स्कीने, 1932 मधे, आणि ब्लेचलीत काम करणाऱ्यांत जवळजवळ तीन चतुर्थांश बायका होत्या. तिथलं हे काम बाहेर कुणाला कळायला 1970 चं दशक उजाडलं, तोवर घरच्यांनासुद्धा पत्ता नव्हता! आमच्या सोसायटीत दुपारी काय शिजलं ते संध्याकाळपर्यंत तीन मजल्यांना कळतं.

पण मुद्दा वेगळाच आहे. जिथे आम्ही क्लँगर खात बसलो त्याच बेडफर्डमधे 1942 साली जपानी भाषेचा गुप्त वर्ग सुरू झाला होता. लॅटिन-ग्रीक शिकणाऱ्या कॉलेजच्या पोरांना उचलून आणायचं आणि सहा महिन्यांत जपानी वाचायला लावायचं. तज्ज्ञांनी म्हणे मुळीच शक्य नाही म्हटलं होतं, पण जमलं. आणि यातले काहीजण पुढे कुठे गेले, तर थेट आपल्या दिल्लीला! आनंद पर्वतावर रामजस कॉलेजच्या जागेत वायरलेस एक्सपेरिमेंटल सेंटर होतं, नाव मुद्दाम साधं, काम मात्र जपानी सैन्याचे संदेश पकडून फोडायचं. भारतीय सैन्यातले लोकही तिथे होते.

आता मला सांगा, मी तरुणपणी दोन वर्षं दिल्लीत नोकरीला होतो, त्या बाजूने बस जायची, एका माणसाने कधी चकार शब्द काढला नाही. हे कळायला मला साठी उलटल्यावर विमानाने इंग्लंड गाठावं लागलं, कमालच म्हणायची!

तेव्हा विनंती एवढीच की पुरवणीत लंडनवर पुन्हा लिहाल तेव्हा हा वीकेंड घाला, ट्रेननेही होतो, युस्टनहून ब्लेचलीला थेट गाडी आहे आणि पार्क स्टेशनपासून अगदी चालत. आणि आनंद पर्वताच्या सेंटरवर कुणाकडून तरी सविस्तर लेख लिहून घ्या. तुमच्या वाचकांपैकी कुणाचे आजोबा-पणजोबा तिथे नोकरीला असतील तर त्यांनीही कळवावं, मी वाट बघतोय.

आपला,
एक जुना वाचक