सभागृहाच्या छपरासाठी आणि बुजवलेल्या खिडक्यांसाठी आवाहन

समस्त गावकरी, मुंबईकर, माहेरवाशिणी आणि हितचिंतक यांस,
सप्रेम नमस्कार.

२२ ऑक्टोबर २०२१ पासून राज्यातली नाट्यगृहे निम्म्या आसनांवर उघडली. त्याच सकाळी आपणही नारळ फोडून सभागृहाचे दार उघडले. आत वीज लावायची गरज पडली नाही. डाव्या विंगेत पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे थेट रंगमंचावर पडले होते. तुळशीची लग्ने तोंडावर आली आहेत, मागोमाग लग्नसराई. महामारीत दोन हंगाम गेले. तिसरा गेला तर राखणदाराचा पगार आणि वीजबिल कुठून भरायचे, हा प्रश्न कार्यकारिणीपुढे आहे.

हे सभागृह कोणा एका धनिकाने बांधलेले नाही, हे नव्या पिढीला सांगायलाच हवे. १९८२ च्या संपात आपले गिरणीवाले लालबाग-परळच्या खोल्या सोडून गावी आले. खिशात पैसा नव्हता. त्यांनी अंगमेहनत दिली. खाणीवरून जांभ्याचे चिरे आणले, घमेल्याने वाळू वाहिली, रात्री कंदील लावून भिंत उभी केली. दक्षिणेकडच्या भिंतीचे चिरे थोडे वाकडे बसले आहेत, ते त्यांच्याच हातचे. ती भिंत दोन वादळांत तसूभर हलली नाही. पुढे बागायतदारांनी हापूसच्या पेट्यांचा लिलाव करून मखमली पडदा दिला. मोहल्ल्यातल्या बांधवांनी आखातातून पैसे पाठवून पंखे लावले. बंदरावरच्या कोळी बांधवांनी नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या मासळीतला वाटा काढला, त्यातून माइक आला. प्राथमिक शिक्षकांनी एक दिवसाचा पगार दिला. नमन-जाखडीसारखे कोकणातले लोकनाट्य आणि नाच, मुंबईहून आलेली नाटके, शेतकरी मेळावे, बचतगटांची अधिवेशने, सगळे याच छपराखाली झाले. यात कोणाचा उल्लेख राहिला असेल तर तो माझ्या घाईचा दोष समजावा.

मग २०२० चा मे महिना आला. चाकरमानी गावी परतले, त्यांना १४ दिवस वेगळे ठेवायचे होते आणि शाळेच्या खोल्या भरल्या. तेव्हा सभागृह उघडायचे का, यावर बैठक घ्यायलाही वेळ नव्हता. खुर्च्या एका बाजूला रचल्या, सहा-सहा फुटांवर चुन्याच्या रेघा मारून चटया टाकल्या. मेकअपच्या खोलीत तांदळाची पोती ठेवली. महिला मंडळाच्या भगिनी सकाळी पेज आणि दुपारी आमटी-भात दारातल्या बाकावर ठेवून मागे सरत. त्या चुन्याच्या रेघा फरशीवर अजून पुसट दिसतात. मुद्दाम घासून काढलेल्या नाहीत.

३ जूनला दुपारी निसर्ग वादळ आले. श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्याला लागले आणि आपला दापोली-मंडणगडचा पट्टाही झोडपून गेले. माड-पोफळी आडव्या झाल्या. आपले पत्रे उडून मागच्या बागेत जाऊन पडले. खाऱ्या वाऱ्याने हूक आधीच गंजले होते. आतल्या माणसांना रंगमंचाखालच्या सामानाच्या खोलीत नेऊन बसवले म्हणून निभावले. ज्यांची घरे उघडी पडली ती कुटुंबेही ताडपत्रीखाली इथेच राहिली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने ती ताडपत्रीही फाडली. तरी त्याच पावसाळ्यात लसीकरणाचे शिबिर आपण इथेच, कोरड्या बाजूला घेतले.

मुंबईत गोरेगावचे नेस्को आणि नवी मुंबईत वाशीचे सिडको प्रदर्शन केंद्र यांची कोविड रुग्णालये झाली. काम आपलेही तेच होते. त्यांच्यामागे मोठ्या यंत्रणा होत्या, आपल्यामागे तुम्ही आहात. एप्रिल २०२१ मध्ये लग्नाला २५ माणसे आणि दोन तास असा नियम आला, तेव्हा आरक्षणे रद्द झाली आणि घेतलेली अनामत आपण पै न पै परत केली. कोणाचा एक रुपया अडवला नाही. तिजोरी रिकामी झाली ती अशी. वादळाच्या नुकसानीचा पंचनामा झाला, पण सभागृह हे कोणाचे राहते घर नव्हे, असे सांगून संबंधित कार्यालयाने भरपाईचा अर्ज परत पाठवला.

आता खिडक्यांविषयी. वातानुकूलन यंत्रे बसवली तेव्हा थंडावा टिकावा म्हणून समुद्राकडच्या सहा खिडक्या आपण बुजवल्या. तो निर्णय तेव्हा सर्वांनाच पटला होता. कोंडलेल्या हवेत हा आजार पसरतो, खेळत्या हवेत त्याचा जोर कमी होतो, हे आता पोरासोरांनाही ठाऊक आहे. म्हणून त्या सहाही खिडक्या पुन्हा उघडून जाळ्या बसवायच्या आहेत. मागच्या अंगणात कायमचा मांडव घालायचा आहे, म्हणजे पुन्हा निर्बंध आले तरी छोटी कार्ये उघड्यावर होतील आणि सभागृह बंद पडणार नाही.

मनातले एक बोलतो. गणपतीत हेच आवाहन मोबाइलवर फिरवले होते. हात जोडल्याची चिन्हे शेकड्याने आली, देणग्या अकरा जणांच्या आल्या. त्या अकरांत एक आजी आहेत, ज्यांनी निराधार पेन्शनमधून १०१ रुपये आणून दिले. ज्यांची लग्ने याच रंगमंचावर लागली, ज्यांनी इथे १४ दिवस पेज खाल्ली, त्यांच्यातल्या पुष्कळांनी फोनही उचलला नाही. अडचण सर्वांनाच होती, हे कळते. तरी लागले.

छप्पर, खिडक्या, वायरिंग, मांडव मिळून साडेसहा लाख, जमा दोन लाख दहा हजार. अंदाजपत्रक कार्यालयाच्या फलकावर. चेक संस्थेच्या नावे, खाते क्रमांक पावतीपुस्तकाच्या मागे. देणगीवरची आयकर सवलत रोख २,००० रुपयांपुढे मिळत नाही, मोठी रक्कम चेकनेच द्यावी. कार्यालय सकाळी १० ते १, रविवारीही. सिमेंट, पत्रे, जांभा चालेल. पैसे जमत नसतील त्यांनी येत्या दोन रविवारी श्रमदानाला यावे, फावडी-घमेली आहेत, चहा-नाश्ता महिला मंडळाकडून. मुंबईकरांनी आपापल्या वाडीच्या मंडळाकडे द्यावे, पावती अवश्य घ्यावी. पत्र्यांची मागणी तुळशीच्या लग्नाआधी नोंदवायची आहे.

आपला,
सरचिटणीस, कार्यकारिणीच्या वतीने