समुद्र ओलांडण्याआधीचं साम्राज्य

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. अमेरिका साम्राज्यवादी झाली ती १८९८ साली, फिलिपिन्स घेतल्यावर. त्याआधी ती आपल्याच खंडात पसरत होती, हे तुझं म्हणणं मला मुळीच पटलं नाही. आपल्याच म्हणजे कुणाच्या?

चेरोकी या तिथल्या मूळ रहिवासी जमातीचंच बघ. जॉर्जियात त्यांची शेतीवाडी होती, १८२७ सालची लेखी राज्यघटना होती. सिक्वोया या त्यांच्यातल्याच माणसानं घडवलेल्या लिपीत १८२८ पासून त्यांचं वर्तमानपत्र निघत होतं. १८३२ साली सर्वोच्च न्यायालयानंही त्यांच्या मुलखात जॉर्जियाचे कायदे चालणार नाहीत, असा निकाल दिला. तरी १८३५ साली मूठभर लोकांच्या सह्या घेऊन मुलूख सोडण्याचा तह उरकला गेला आणि १८३८ मध्ये जनरल विनफिल्ड स्कॉटच्या सैनिकांनी माणसांना राहत्या घरांतून उठवून कुंपणाच्या छावण्यांत कोंडलं. मिसिसिपीपलीकडे हाकललेल्या सुमारे १६ हजारांपैकी चारेक हजार मेले असं मानतात. सगळं कायद्याच्या कागदावर!

हाच स्कॉट १८४७ साली मेक्सिकोशी चाललेल्या युद्धात व्हेराक्रूझ बंदरात उतरून मेक्सिको सिटीत शिरला. पुढच्या वर्षीच्या तहात कॅलिफोर्नियासकट मेक्सिकोचा प्रचंड मुलूख दीड कोटी डॉलरला अमेरिकेकडे गेला. त्याच १८४८ साली डलहौसीनं सातारा खालसा केला. त्याला साम्राज्यवाद म्हणताना आपण जराही अडखळत नाही, मग इथंच का अडखळायचं?

हेन्री लॉटन या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याचं आयुष्य बघ. १८८६ मध्ये तो अपाची जमातीचा लढवय्या जेरोनिमो याच्यामागे मेक्सिकोच्या डोंगरांतून फिरत होता. डिसेंबर १८९९ मध्ये तो फिलिपिन्समधल्या सान मातेओला मारला गेला, आणि समोरच्या फौजेचा सेनापती होता लिसेरिओ जेरोनिमो. नावं जुळली हा योगायोग, पण तिकडची लढाई लढलेल्यालाच इकडे धाडलं यात योगायोग कसला? फिलिपिन्स घेण्याचा पुरस्कार करणारा अमेरिकन राजकारणी बेव्हरिज तर उघड सांगत होता की, आपण इंडियनांवर, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांवर, त्यांची संमती न विचारता राज्य करतोच आहोत. तुला दिसणारी १८९८ ची भिंत त्यांना दिसत नव्हती.

एक फरक मात्र मी मान्य करतो. १७८७ च्या अमेरिकन कायद्यानं नव्या प्रदेशांना पुढं बरोबरीची राज्यं होण्याची वाट दिली होती. इंग्रजांनी आपल्याला असं कधी देऊ केलं नाही. पण ती बरोबरी जाऊन वसणाऱ्या गोऱ्यांची होती, आणि मला वाटतं, म्हणूनच हे साम्राज्य जास्त पक्कं झालं. परत जायला कुणी पाहुणा उरलाच नाही.

आता ब्लॅक हिल्स. १८६८ च्या तहानं ते डोंगर सू या मूळ रहिवासी लोकांकडे राहिले. १८७४ साली तिथं सोनं सापडलं आणि १८७७ साली काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, ते काढून घेतले. १९८० साली सर्वोच्च न्यायालयानं व्याजासकट दहा कोटींहून जास्त डॉलरची भरपाई कायम केली. सू लोकांनी ती उचलली नाही. आज ती रक्कम शंभर कोटींवर गेली आहे, आणि त्यांच्या कित्येक वस्त्या देशातल्या सर्वांत गरीब वस्त्यांत मोजल्या जातात. त्यांना डोंगर परत हवेत. १८९८ पासून मोजायला लागलास, तर या लोकांना तू कोणत्या खात्यात टाकणार, तेवढं सविस्तर लिही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मकरंद