पेहरावाचा नियम दाराबाहेरच कळावा

महोदय,

देवस्थानांतील पेहरावावरून वाद घालताना सभ्यतेची कल्पना सर्वत्र एकच असते, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात पुरुषांना धोतर नेसून उघड्या अंगाने जावे लागते, गुरुद्वारात डोके झाकावे लागते, तर चर्चमध्ये पुरुषाने टोपी काढणे हाच आदर मानला जातो. आपल्या ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथचे १०६० सालचे शिवमंदिर पूजास्थानही आहे आणि संरक्षित स्मारकही, त्यामुळे तेथे शिल्पे पाहायला अर्ध्या चड्डीत आलेल्या परदेशी पर्यटकाच्या (आपली तरुण मंडळीही तशीच येतात!) मनात अनादर असेलच, असे नाही. नियम जरूर असावेत; मात्र ते प्रवेशद्वाराबाहेर चित्रांसह लावावेत आणि शेजारी उपरणी ठेवावीत.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे